मुठीतली किल्ली

तिच्या दुकानात दोन माणसं बसली की तिसऱ्याने बाहेर उभं राहायचं. जिन्याखालची जागा. पुढे फळी, फळीवर किल्ली कापायचं मशीन, लोखंडी शिकंजा, कानशींचा डबा. मागच्या भिंतीवर खिळ्याखिळ्याला लटकलेल्या कोऱ्या किल्ल्या. दोन स्टुलं, एक तिचं, एक सासऱ्यांचं. दुकान सासऱ्यांनी उभं केलं. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी मशीन सुनेच्या हवाली केलं, स्टूल मात्र सोडलं नाही. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. त्यामुळे दिवसभर ही दोघंच समोरासमोर. ती त्यांना मामंजी म्हणते. ऐकून ऐकून गल्लीही मामंजीच म्हणायला लागली.

मामंजींनी तिला काम शिकवलं ते रागावत. चुकली की म्हणायचे, "ही किल्ली आहे की करवत?" नीट जमली की किल्ली उजेडाला धरून बघायचे आणि म्हणायचे, "चालेल." ही त्यांची सगळ्यात मोठी शाबासकी. तीही सणकीवर अवलंबून.

एका बाबतीत मात्र ते रागावत नसत, थेट हातावर फटका मारत. गिऱ्हाइकाची किल्ली फळीवर उघडी ठेवायची नाही. काम थांबलं की तिच्यावर फडकं. कोणाला दाखवायची वेळ आली तर दाते मुठीत, डोकं तेवढं बाहेर. सराईत कारागीर दात्यांचे चढउतार एकदा बघून दुसरी किल्ली कापू शकतो. आणि चांगला फोटो असेल तर सराईत असायचीही गरज नाही.

"घर रस्त्यावर उघडं टाकून जातं का कोणी?" ते विचारायचे. "मग किल्ली का टाकतेस?"

फोनचं स्टँड दुकानात आलं ते भाचीच्या नादाने. कानस फिरण्याचा आवाज लोकांना आवडतो, असं भाची म्हणाली. किल्लीवालीने गंमत म्हणून एक व्हिडिओ टाकला. जाम झालेलं पेटीचं कुलूप, तिचे हात, तेलाचा थेंब, खट्. लोकांनी वाहवा केली. मग दुसरा, तिसरा. 'ताई, तुमच्या हातात जादू आहे.' 'ताई, दिवसभराचा शीण गेला.' अनोळखी माणसं तिला रोज सांगत होती ते ऐकायला ती मशीनसमोर बसल्यापासून आसुसलेली होती. ती प्रत्येकाला उत्तर द्यायची. भाजी फोडणीला टाकून एका हाताने उत्तरं, झोपताना उत्तरं. जे कायम लिहायचे त्यांची नावं तिला पाठ झाली. त्यातला एक 'शांत किनारा'. तो प्रत्येक व्हिडिओला पहिला यायचा आणि कामातलं काहीतरी नेमकं विचारायचा. असा जाणकार माणूस तिला घरातही भेटला नव्हता.

मामंजी स्टँडकडे बघून एवढंच म्हणायचे, "नाटक संपलं असेल तर त्या माणसाला त्याची किल्ली दे."

नर्सबाई आधी गिऱ्हाईक म्हणून आली. रात्रपाळी संपवून, गणवेशावर स्वेटर, डोळे तांबारलेले. पलीकडच्या रस्त्यावरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एकटी राहते, दाराचं कुलूप बदलायचं आहे म्हणाली.

"किल्ली हरवली का?" किल्लीवालीने विचारलं.

"हरवली असती तर बरं झालं असतं."

नवऱ्यापासून ती वेगळी राहत होती, कागदोपत्री अजून नाही. त्याने तिच्या किल्लीवरून कधीतरी एक किल्ली करून घेतली होती. तो मारझोड करत नव्हता, आरडाओरडा करत नव्हता. ती कामावर असताना घरात येऊन बसायचा. काही चोरीला जायचं नाही. फक्त कप धुऊन पालथा घातलेला असायचा आणि उशी दुसऱ्या बाजूला असायची. हल्ली ती झोपलेली असतानाही येऊन जात असावा, असं तिला वाटायला लागलं होतं. चौकीत तिने सांगितलं तेव्हा विचारलं गेलं, काय गेलं घरातून? काही नाही. मग?

किल्लीवालीने त्याच दिवशी तिचं कुलूप बदललं. चांगलं, जड कुलूप. आतल्या बाजूची कडीही मोडकी होती. "ती पुढच्या खेपेला बसवते, भक्कम आणते," असं ती म्हणाली. काम संपल्यावर तिने विचारलं, "व्हिडिओ केला तर चालेल का? एकट्या बायकांना उपयोग होईल."

"चेहरा नको," नर्सबाई म्हणाली. "माझा कुठे काही नको."

चेहरा घेतला नाही. दार घेतलं, दारावरची पितळी घंटी घेतली, कुलूप घेतलं. आणि शेवटी, खिडकीतून ऊन छान येत होतं म्हणून, नवी किल्ली दोन बोटांत धरून कॅमेऱ्यासमोर हळूहळू फिरवली. दाते लखलखले. खाली लिहिलं, 'एका बहिणीची शांत झोप.'

तिच्या आजवरच्या कुठल्याही व्हिडिओला मिळाली नव्हती एवढी दाद त्याला मिळाली. लोक रडल्याच्या खुणा पाठवत होते. 'शांत किनारा'ने लिहिलं, 'ताई, सुरेख. कोरी किल्ली कुठल्या नंबरची वापरलीत?' तिने नंबर दिला. वर हात जोडल्याची खूण.

त्यानंतर नर्सबाई पाळीवरून परतताना दुकानात टेकायला लागली. चहा, दोन शब्द, मामंजींच्या गुडघ्याची चौकशी. कडीचं तिने एकदाच विचारलं. किल्लीवाली म्हणाली, "ह्या आठवड्यात नक्की." कडी दुकानात आणून ठेवलेली होती, कागदात गुंडाळलेली. पण त्या व्हिडिओखाली रोज माणसं येत होती आणि कोणाला तरी उत्तर द्यायचं राहून जात होतं.

तो आला तेव्हा ऊन नुकतं वर चढलं होतं. नर्सबाई नेहमीसारखी चहा पिऊन घरी झोपायला गेली होती. तिचा कप अजून फळीवरच होता. नीटनेटका माणूस, इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज.

"ताई, ओळखलंत का? कसं ओळखणार म्हणा. मी शांत किनारा."

किल्लीवाली उठून उभीच राहिली. फोनमधून बाहेर आलेला हा पहिला माणूस. तिने स्वतःचं स्टूल पुसून पुढे केलं. "अहो, बसा ना! मामंजी, हे माझे... हे नेहमी लिहितात मला."

मामंजींनी मान हलवली. "लिहिता का? छान."

"आवाजावरून शोधलं मी," तो हसून म्हणाला. "तुमच्या व्हिडिओत मागून नेहमी शाळेची घंटा ऐकू येते. आणि हे मामा कुरकुरत असतात."

मग त्याने फोन काढला. पडद्यावर दोन बोटं, बोटांत किल्ली, किल्लीवर ऊन. बोटं तिचीच. नखाजवळचा कानशीचा व्रणही दिसत होता.

"ही एक करून हवी होती. घरचीच आहे, दारावरची घंटी बघून ओळखली. बायको झोपाळू, दार उघडत नाही लवकर." तो पुन्हा हसला. "नंबर तर तुम्हीच सांगितला होतात."

म्हणजे हा नर्सबाईचा नवरा. आजवर त्याने विचारलेले सगळे प्रश्न तिला एकदम आठवले. त्यातला एकही किल्लीच्या कौतुकाचा नव्हता.

"फोटोवरून नाही होत," ती म्हणाली.

"होतं ताई. तुमच्याच एका व्हिडिओत तुम्ही म्हणालात." आवाज तेवढाच मऊ. "दुसरीकडेही होईल. स्टेशनच्या बाजूला दोघं बसतात. पण म्हटलं, जिने केली तिच्याच हातची घ्यावी."

तिने मामंजींकडे पाहिलं. मामंजी सगळं ऐकत होते. नर्सबाईची कहाणी त्यांना ठाऊक होती. तिच्या प्रत्येक चहाला ते हजर होते. त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि हात पुढे केला.

"आणा इकडे फोन. करून देतो."

"मामंजी!"

"काय मामंजी? नवऱ्याला बायकोच्या घरात जायला अडवणारे आपण कोण?" ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "उगाच गिऱ्हाईक परत पाठवतेस. सरक. मला मशीन नको, हातानेच करतो. आणि तू इथे उभी राहून काय करतेस? शाळेच्या कपाटाचं काम राहिलंय ना तुझं? जा."

शाळेच्या कपाटाचं कुठलंच काम राहिलेलं नव्हतं. ती पिशवी उचलताना विचार करत होती, हे मला पिटाळतायत की खरंच त्याला किल्ली देतायत? दोन्ही शक्य होतं. संसार मोडणाऱ्या बायकांबद्दल मामंजींची मतं ती जेवताना ऐकत आली होती. आणि त्यांच्या हातून मुद्दाम चुकीची किल्ली गेल्याचं गल्लीत कोणाला आठवत नव्हतं. शत्रूची किल्लीसुद्धा हा माणूस चोख कापेल, असं लोक म्हणायचे. तिने त्यांच्या नजरेत काही खूण शोधली. ते कानस निवडण्यात गुंतले होते.

"वेळ लागेल हं," ते त्या माणसाला सांगत होते. "म्हातारा हात आहे. घाई असेल तर स्टेशनवर जा."

"नाही नाही, मामा. सावकाश."

कागदात गुंडाळलेली कडी तिने पिशवीत टाकली आणि ती बाहेर पडली. कोपऱ्यापर्यंत चालत, कोपऱ्यानंतर धावत.

फोन लावला. बंद. नर्सबाई झोपताना फोन बंद ठेवायची आणि कानात कापूस घालायची. हे तिनेच चहा पिताना सांगितलं होतं. किल्लीवालीच्या हातातला फोन मात्र थरथरत होता. कोणीतरी त्या व्हिडिओखाली लिहीत होतं, 'ताई, नवीन कधी?' सगळ्यांना सांगून मदत मागावी, असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण सगळ्यांत पहिला वाचणारा तिच्याच दुकानात बसला होता.

वरच्या मजल्यावर तिने घंटी वाजवली, दार ठोठावलं, हाका मारल्या. आत हालचाल नाही. कुलूप तिनेच बसवलेलं. हत्यारं पिशवीत. पण झोपलेल्या बाईच्या घरात न विचारता शिरणारी ती दुसरी झाली असती. तिने हत्यार काढलं नाही. तळहाताने दार बडवत राहिली.

खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, हाताला पीठ. "काय चाललंय? आग लागली का कुठे?" मग डोळे बारीक करून, "अगं बाई! तुम्ही त्या कुलूपवाल्या ना? आमची सून बघते तुम्हाला. थांबा हं, एक फोटो..." त्यांनी खरंच फोन काढला.

"काकू, फोन राहू द्या. हिला उठवायचंय. आत्ता. तिचा नवरा किल्ली करून घेतोय."

काकूंचा हात खाली आला. त्यांनी जिन्यातून खाली वाकून पाहिलं. "तो गोडबोल्या? परवा माझ्याकडे चौकशी करत होता, ही किती वाजता झोपते म्हणून." त्या वळल्या. "दाराने नाही उठणार ती. थांबा."

त्या खाली गेल्या. थोड्या वेळाने भिंतीतून आवाज यायला लागला. ठण्, ठण्, ठण्. दोघींच्या स्वयंपाकघरातून एकच लोखंडी पाइप जात होता आणि काकू त्यावर पळी हाणत होत्या. नर्सबाईचं दूध त्या घेऊन ठेवायच्या. तिला उठवायची ही त्यांची जुनी रीत. कापसातून हाक जात नव्हती, पण पाइप तिच्या उशाच्या भिंतीतून गेलेला होता.

दार उघडलं. केस विस्कटलेले, डोळे अर्धे मिटलेले. "काय झालं? मामंजी बरे आहेत ना?"

किल्लीवाली आत शिरली, दार लावून घेतलं आणि पिशवी उपडी केली. "तुमचा नवरा आमच्या दुकानात बसलाय. किल्ली करून घेतोय."

"कशावरून? किल्ली तर माझ्याकडे आहे."

"माझ्या व्हिडिओवरून." ती थांबली नाही, थांबली असती तर बोलता आलं नसतं. "दाते दिसतात त्यात. नंबरही मीच सांगितला. मला माहीत नव्हतं तो कोण आहे."

नर्सबाई ओरडली असती तर सोपं गेलं असतं. तिने कानातला उरलेला कापूस काढला, त्याची गोळी केली आणि फक्त विचारलं, "आणि कडी?"

"आणलीय."

"आज आणलीत."

किल्लीवाली गुडघ्यावर बसून भोकं पाडू लागली. लाकूड जुनं, चिवट. नर्सबाई फोन चालू करून चौकीशी बोलत होती. दाराबाहेर आहे का, असं पलीकडून विचारत होते. नाही, अजून नाही. मग आल्यावर कळवा. पहिला स्क्रू बसला. दुसरा निम्मा गेला होता, तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. घाई नसलेली पावलं.

किल्लीवालीने हात थांबवला. स्क्रूचा आवाज बाहेर गेला असता. कडी एका स्क्रूवर लोंबत होती. नर्सबाईने भिंतीला पाठ टेकवली.

किल्ली कुलपात शिरली.

तो आवाज किल्लीवाली झोपेतही ओळखेल. अडखळली नाही, खरडली नाही. शेवटच्या खाचेपर्यंत अलगद गेली. इतकी सरळ जाणारी किल्ली मामंजींचीच. म्हणजे त्यांनी केली. नीट केली. तिने कडी दोन्ही हातांनी चौकटीवर दाबून धरली. एका स्क्रूच्या आणि दोन हातांच्या जोरावर दार किती टिकेल, याचा तिला व्यवस्थित अंदाज होता.

किल्ली फिरली नाही.

पुन्हा. थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे. बाहेर श्वासाचा आवाज. मग कागदातून कुपी काढल्याची चुरचुर, आणि तेलाचा वास फटीतून आत आला. पुन्हा एक झटका. नाही. मग तो किल्ली बाहेर ओढायला लागला आणि ती बाहेरही येईना. दार हलत होतं, घंटी किणकिणत होती. मऊ आवाजाच्या त्या माणसाने पहिल्यांदा शिवी दिली.

"कोण पाहिजे?" जिन्यातून काकूंचा आवाज. "ओढा, ओढा. मी घेतेय सगळं फोनमध्ये. चेहरा इकडे करा जरा."

"मी नवरा आहे तिचा."

"मग घंटी वाजवा ना. ती कशाला लावलीय?"

मग पावलं खाली गेली, ह्या वेळी भरभर. किल्ली कुलपातच राहिली.

चौकीतली माणसं आली तेव्हा चारही स्क्रू बसलेले होते. काय गेलं घरातून, असं ह्या वेळी कोणी विचारलं नाही. दारात अडकलेली किल्ली होती आणि काकूंच्या फोनमध्ये ती ओढणारा हात होता. काकूंनी तो व्हिडिओ सुनेलासुद्धा दाखवला नाही.

कुलूप खोलून किल्ली किल्लीवालीनेच काढली. तिने ती उजेडाला धरली. प्रत्येक दात्याची पुढची बाजू उतरती होती, आत सरकण्यासाठी. मागची बाजू उभी, कड्यासारखी. आत गेल्यावर कुलपातल्या पिना त्या खाचांत बसणार आणि किल्लीला ना फिरू देणार, ना मागे येऊ देणार. बरोबर किल्ली कापण्यापेक्षा अशी किल्ली कापणं कितीतरी अवघड. कापऱ्या हाताचा एकही ओरखडा त्यावर नव्हता.

दुकानात परतली तेव्हा मामंजी कानशी पुसून डब्यात ठेवत होते.

"अडकली का?" त्यांनी विचारलं.

"अडकली. पण मला काहीच कळू दिलं नाहीत तुम्ही. मला वाटलं..."

"तुझं तोंड आरसा आहे. तुला कळलं असतं तर त्यालाही कळलं असतं." मग, डबा बंद करत, "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्यायच्याच होत्या, तर जरा बघून द्यायच्या."

तिने फोन काढून तो व्हिडिओ पुसला. पुसून फारसं काही साधलं नाही. तोवर तो दुसऱ्यांनी उचलला होता, कोणी त्यावर गाणं घातलं होतं. ती किल्ली अजूनही कुठे ना कुठे फिरत असते. त्याच संध्याकाळी 'शांत किनारा'ने तिच्या पानावर लिहिलं, 'ह्यांच्याकडून किल्ली करू नका. निकृष्ट काम. कुलपात अडकते.' त्याखाली भांडण जुंपलं. काही जण तिची बाजू घेत होते, काही म्हणत होते, म्हाताऱ्याचा हात गेलाय. तिने ते मामंजींना वाचून दाखवलं.

"म्हणू देत," ते म्हणाले. पण थोडा वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसले.

नर्सबाई चहाला यायची थांबली. तिने घर बदललं. कुठे, ते काकूंना माहीत होतं, त्यांनी सांगितलं नाही. किल्लीवालीनेही दुसऱ्यांदा विचारलं नाही. स्टँड फळीखाली गेलं. 'ताई, कुठे आहात?' अशी विचारणा पुष्कळ दिवस येत राहिली. मग त्या लोकांना दुसरं कोणीतरी सापडलं असावं.

थंडी पडल्यावर एका सकाळी नर्सबाई दुकानासमोर उभी राहिली. हातात नवं कुलूप, वेष्टनासकट. ते तिने फळीवर मामंजींच्या पुढ्यात ठेवलं.

"घरमालकाने ह्याची एकच किल्ली दिलीय. अजून एक हवी. तुम्ही करा."

"माझ्याच्याने आता होत नाही," मामंजी म्हणाले. "ती एक केली आणि हात तिथेच संपला. करेल ती हीच."

नर्सबाईने किल्लीवालीकडे पाहिलं. मग फळीवर, भिंतीवर, फळीखाली.

"फोन कुठे आहे?"

किल्लीवालीने तो खिशातून काढून तिच्या हातात दिला. नर्सबाईने तो बंद केला आणि स्वतःच्या पिशवीत टाकला. "करा. मी इथेच उभी आहे."

किल्ली मशीनवर चढली. कानस फिरली. मध्ये एकदा शाळेची घंटा झाली, तेव्हा किल्लीवालीने हात थांबवून किल्लीवर फडकं टाकलं आणि घंटा संपल्यावर पुन्हा काम सुरू केलं. झाल्यावर तिने दोन्ही किल्ल्या दाते आत धरून, मूठ मिटून पुढे केली. नर्सबाईने खाली हात धरला, किल्ल्या घेतल्या आणि फोन परत दिला.

"बसवायला मामंजी येतील," ती म्हणाली. "पत्ता मी त्यांनाच सांगेन."

"बरं," किल्लीवाली म्हणाली.

पेचकस आणि चार स्क्रू खिशात टाकून मामंजी तिच्याबरोबर गेले, एक एक पायरी धरत. किल्लीवाली दुकानात बसून राहिली. दोन गिऱ्हाइकं आली आणि गेली. फोन बंदच होता, तो चालू करायचं तिला सुचलं नाही. मामंजी परतले तेव्हा दुपार कलली होती. ते स्टुलावर बसले, गुडघा चोळला, पाणी प्यायले.

तिला राहवलं नाही. "फिरली का नीट?"

मामंजींनी पेचकस जागेवर ठेवला.

"चालेल," ते म्हणाले. "कडी पण बसवली. आता चहा सांग. तिथे विचारलं होतं तिने, मी नको म्हटलं."